'स्वामी' : गंगेच्या अलीकडच्या काठावरून

आमच्या घरात कादंबरी शिरली ती पोथीच्या वाटेने. बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यात, गंगथडीच्या एका लहानशा गावात आमचे माळवदाचे घर होते. गोदावरीला आमच्याकडे कोणी गोदावरी म्हणत नाही, गंगाच म्हणतात. चातुर्मासात रात्रीची जेवणे झाली म्हणजे ढाळजेत कंदील लागे, वडील पोथी सोडीत आणि शेजारपाजारच्या बायामाणसांसह आम्ही सारे श्रीधरस्वामींचा 'हरिविजय' नाही तर 'पांडवप्रताप' ऐकत बसू. आत्याबाई खांबाला टेकून वाती वळीत. ऐकता ऐकता त्यांचा हात थांबला, की समजावे, कथेत काही तरी नाजूक आले आहे.

१९६४ साली दिवाळीच्या सुमारास वडिलांनी तालुक्याहून एक जाडजूड पुस्तक आणले. ते शिक्षक होते. त्यांचे माध्यमिक शिक्षण निजामाच्या राज्यात उर्दूतून झाले होते. मराठी वाचनाची त्यांची सारी शिदोरी पोथ्यांची आणि पुढे वाढत्या वयात हौसेने वाचलेल्या पुस्तकांची. हे नवे पुस्तक म्हणजे रणजित देसाईंची 'स्वामी'. ती १९६२ साली प्रसिद्ध झाली होती आणि त्या वर्षी तिला साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाल्याने तिचे नाव सर्वतोमुखी झाले होते. वडिलांनी पोथीच्याच पाटावर ते पुस्तक ठेवले आणि पोथीच्याच सुरात वाचावयास आरंभ केला. मी तेव्हा बारा वर्षांचा होतो. फराळाचा डबा आणि थोरले माधवराव हे दोन्ही माझ्या मनात तेव्हापासून एकत्रच राहिले आहेत.

वाचकहो, 'स्वामी'वर आजवर पुष्कळांनी पुष्कळ लिहिले आहे. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर तिची मालिका झाली, तेव्हा ज्यांनी पुस्तक हाती धरले नव्हते त्यांनाही रमा-माधव घरचे झाले. त्या स्तुतीत आणखी भर घालावी असा माझा विचार नाही. आमच्या घरातील एका श्रोत्रीचे मत सांगावे, एवढाच हेतू आहे. आत्याबाईंना अक्षरओळख जेमतेम होती. पण त्या दिवाळीत त्यांनी दोन प्रश्न विचारले, आणि त्या दोन प्रश्नांची उत्तरे शोधता शोधता मला जो थोडाफार इतिहास आला तो आला.

पहिला प्रश्न राक्षसभुवनचा. कादंबरीत लढाया येतात त्या ओघाने येतात. देसाईंचे खरे रणांगण शनिवारवाड्यात आहे. पण राक्षसभुवनचे नाव निघाले आणि वडिलांचा आवाज चढला. चढणारच! राक्षसभुवन आमच्याच तालुक्यात, गंगेच्या दक्षिण काठावर. शनीचे देऊळ तिथले, त्यामुळे गावातली निम्मी माणसे तिथे जाऊन आलेली. त्या ठिकाणी निजामाचा पराभव झाला, हे वडिलांनी दोनदा वाचून दाखविले. हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले १७ सप्टेंबर १९४८ रोजी. त्याला अवघी सोळा वर्षे झाली होती. ज्या माणसाने कोवळ्या वयात निजामाच्या नावाचे सलाम पाहिले, त्याला दोनशे वर्षांपूर्वीच्या त्या विजयाची गोडी काही वेगळीच लागत असली पाहिजे.

आत्याबाई वाती वळत म्हणाल्या, "अरे, इथं जर त्याला एवढं मारलं, तर मग आपण कालपरवापर्यंत त्याचेच कसे होतो?"

वडील क्षणभर थांबले आणि पुढचे पान उलटून वाचू लागले. उत्तर त्यांच्यापाशी नव्हते, आणि खरे सांगावयाचे तर कादंबरीपाशीही नव्हते.

ती हकीकत अशी आहे. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपत झाले. त्याच वर्षी जूनमध्ये नानासाहेब पेशवे पर्वतीवर वारले आणि सोळा वर्षांच्या माधवरावांना पेशवाईची वस्त्रे मिळाली. चुलते रघुनाथराव कारभारावर हक्क सांगून बसले. नोव्हेंबर १७६२ मध्ये आळेगावी चुलत्या-पुतण्यांची सेना समोरासमोर आली आणि माधवराव आपण होऊन चुलत्याच्या छावणीत गेले. घर फुटले की शेजारी टपलेला असतोच. निजामअलीने हीच वेळ साधली. त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर हा मोठा खटपटी पुरुष होता. त्याने नागपूरच्या जानोजी भोसल्यांसारखे मराठे सरदारही आपल्याकडे ओढले. १७६३ च्या उन्हाळ्यात निजामाची फौज पुण्यावर आली. पुणे लुटले गेले, घरे जळाली, माणसे वाट फुटेल तिकडे गेली. पेशव्यांनी पुणे राखण्यात वेळ न दवडता उलट निजामाच्या मुलखात, औरंगाबादेपासून हैदराबादेपर्यंत, धुमाकूळ घातला.

पावसाळा आला. निजाम औरंगाबादेकडे परतू लागला आणि आमच्या भागात गंगेशी येऊन ठेपला. तो स्वतः काही फौजेनिशी नदी उतरून उत्तर काठाला गेला. विठ्ठल सुंदर उरलेली फौज आणि सामानसुमान घेऊन दक्षिण काठावर राहिला. मध्ये पावसाळ्यातली गंगा. जानोजी भोसले तोवर निजामापासून वेगळे झाले होते. मराठ्यांना याहून चांगली संधी कोणती मिळावयाची? १० ऑगस्ट १७६३ रोजी त्यांनी या अर्ध्या फौजेला गाठले. रघुनाथराव पुढे होते, ते घेरले गेले; तेव्हा माधवराव त्यांच्या मदतीला धावले आणि लढाईचे पारडे फिरले. विठ्ठल सुंदर रणात पडला. पलीकडच्या काठावरून निजामाला आपल्या लोकांचा नाश पाहण्यावाचून दुसरे काही करता आले नाही. सप्टेंबरात औरंगाबादेस तह झाला आणि निजामाला मोठा मुलूख सोडावा लागला.

यातला एक प्रसंग मनाशी धरून ठेवण्यासारखा आहे. ज्या चुलत्यापुढे नऊ महिन्यांपूर्वी मान तुकवावी लागली, त्याच चुलत्याला अठरा वर्षांच्या पुतण्याने राक्षसभुवनी सोडविले. एखाद्या कादंबरीकाराने हे मनाने रचले असते, तर आपण त्याला 'फारच जुळवून आणले बुवा' म्हणून हसलो असतो. इतिहासाला अशी भीड नसते. देसाईंचे कौशल्य हे, की चुलत्या-पुतण्यांतली ही माया आणि हे वैर, दोन्ही एकाच वेळी खरी होती असे ते आपल्याला पटवितात. इतिहासाच्या पुस्तकांत रघुनाथराव म्हटले की एक तर राघोभरारी नाही तर कपटी दादासाहेब. 'स्वामी'त तो माणूस आहे.

आता आत्याबाईंच्या प्रश्नाकडे वळू. पेशव्यांनी निजामाला मारले, पण त्याला नाहीसे करावे असा त्या राजकारणाचा हेतूच नव्हता. चौथाई वसूल व्हावी, गेलेला मुलूख परत यावा, शेजारी दबलेला राहावा, इतकेच पाहिले जाई. राक्षसभुवननंतर तिसरे वर्ष लागते न लागते तोच, १७६६ साली, माधवराव आणि तोच निजामअली एक होऊन जानोजी भोसल्यांवर चालून गेले. जो काल शत्रूचा मित्र तो आज शत्रू, आणि कालचा शत्रू आज मित्र! पुढे ११ मार्च १७९५ रोजी खर्ड्याला पुन्हा मराठ्यांचा जय झाला. खर्डे आज जामखेड तालुक्यात, आमच्या जिल्ह्याच्या शिवेलाच लागून आहे. पण त्यानंतर तीनच वर्षांनी, १७९८ साली, निजामाने इंग्रजांची तैनाती फौज पत्करली आणि त्यांच्या पदराखाली तो सुरक्षित झाला. जिंकणारी पेशवाई १८१८ साली बुडाली. हरणारा निजाम तिच्यामागे एकशे तीस वर्षे टिकला, आणि राक्षसभुवनचा शेतकरी त्याचाच सारा भरीत राहिला.

हे कादंबरीत नाही, म्हणून कादंबरीला बोल लावावा काय? मला तसे वाटत नाही. देसाई कोवाडचे, कोल्हापूरकडचे. त्यांनी शनिवारवाड्याच्या खिडकीतून पाहिले आणि जे पाहिले ते उत्तम पाहिले. पण त्या खिडकीतून गंगथडी दिसत नाही, एवढे वाचकाने ध्यानात ठेवावे. आमच्या अलीकडच्या काठावरून दिसते ते असे : ऑगस्ट म्हणजे श्रावणाच्या अलीकडलेपलीकडले दिवस. शेतात बाजरी, मूग, तुरी. त्यांतून हजारो घोडी जातात. घोड्याला वैरण लागते, माणसाला दाणा लागतो, आणि दोन्ही फौजांना ते याच गावांतून मिळवावयाचे असते. त्यात जो दिवाण रणात पडला, तोही मराठी बोलणारा विठ्ठल सुंदर. त्या दिवशी गंगेच्या काठी 'आपले' कोण आणि 'परके' कोण, हे पुण्यात ठरविणे सोपे होते. राक्षसभुवनात तितके सोपे नसावे.

आता दुसरा प्रश्न. तो अवघड आहे, आणि खरे म्हणजे त्याच्यासाठीच मी लेखणी हाती घेतली.

रमाबाईंचा आणि माधवरावांचा विवाह १७५३ साली झाला. माधवराव तेव्हा आठ वर्षांचे. रमा त्याहून लहान. त्यांना मूल झाले नाही. पेशवाईच्या कारभाराच्या कागदांचे डोंगर आहेत. राजवाड्यांनी, खऱ्यांनी, सरदेसायांनी जन्म घालवून ते छापले. पण त्या डोंगरात रमाबाई फार थोड्या वेळा भेटतात. बाईमाणसाचे नाव कागदावर यावयाचे ते देणगीच्या, व्रताच्या नाही तर मरणाच्या निमित्ताने. म्हणजे 'स्वामी'तली जी रमा आपण ओळखतो, जिचे रुसणे, हसणे, वाट पाहणे आपल्याला घरच्या लेकीसुनेसारखे वाटते, ती बव्हंशी देसाईंनी दिलेली आहे. यात गैर काही नाही. कागद जिथे गप्प बसतात तिथेच कादंबरीकाराचा अधिकार सुरू होतो. १८७१ साली गुंजीकरांनी 'मोचनगड' लिहिली तेव्हापासून मराठीत ऐतिहासिक कादंबरी आहे. हरिभाऊ, नाथमाधव, हडप यांनी ती घरोघर नेली. पण तीत तलवारी, भुयारे, वेषांतरे यांची गर्दी मोठी असे. 'स्वामी'ने ती वाड्याच्या आतल्या दालनात नेली आणि राज्यकर्त्याच्या पत्नीलाही मन असते हे वाचकाला दाखविले. आमच्या ढाळजेत बसलेल्या बायका पोथी ऐकताना रडत त्या देवासाठी; त्या दिवाळीत त्या प्रथमच एका माणसाच्या संसारासाठी रडल्या.

माधवरावांना राजयक्ष्म्याने गाठले. थेऊरला चिंतामणीच्या सान्निध्यात ते राहिले. मरणापूर्वी लिहवून घेतलेल्या कलमांत राज्यावरचे कर्ज फिटावे ही काळजी आहे, यावरून तो पुरुष कोणत्या जातीचा होता ते कळते. १८ नोव्हेंबर १७७२ रोजी, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, ते गेले. रमाबाई सती गेल्या. थेऊरला त्यांचे वृंदावन आहे.

त्या रात्री वडील थेऊरच्या प्रकरणापर्यंत आले. शेजारच्या बायकांनी आधीच पदर डोळ्यांना लावले होते. आत्याबाईंच्या हातातली वात अर्धीच राहिली. त्या म्हणाल्या, "बास कर आता. इथून पुढं मोठ्यानं वाचू नको."

कोणी काही बोलले नाही. आत्याबाई एकोणिसाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी आल्या होत्या, हे साऱ्यांना ठाऊक होते. थोड्या वेळाने त्याच म्हणाल्या, "मला एवढंच सांग. गोपिकाबाई मागं राहिली, ती वाईट. आनंदीबाई मागं राहिली, ती वाईट. आणि ही पोर जळाली, ती तेवढी चांगली. असं कसं रे?"

हा प्रश्न मी पुढे पुष्कळ वर्षे बरोबर वागविला. जेव्हा स्वतः पुस्तके चाळण्याइतका शहाणा झालो तेव्हा मी एक साधी गोष्ट केली : पेशव्यांच्या घरातल्या विधवा मोजल्या. बाळाजी विश्वनाथांच्या मागे राधाबाई राहिल्या, आणि १७५३ पर्यंत, म्हणजे तेहतीस वर्षे, त्या घराचा आधारवड होऊन राहिल्या. १७४० साली बाजीराव गेले. काशीबाई मागे राहिल्या. १७६१ साली नानासाहेब गेले. गोपिकाबाई मागे राहिल्या आणि १७८८ पर्यंत जगल्या. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंच्या पार्वतीबाईंनी नवरा मेला हेच मान्य केले नाही. त्या सौभाग्यवती म्हणूनच राहिल्या. १७७३ साली नारायणरावांचा खून झाला. गंगाबाई गरोदर होत्या, त्या राहिल्या म्हणून सवाई माधवराव जन्मले. १७८३ साली रघुनाथराव गेले; आनंदीबाई मागे राहिल्या. म्हणजे सती जाणे हा त्या घराचा नियम नव्हता. उलट, राहणे हाच नियम होता. रमाबाईंचे जाणे हा अपवाद आहे.

अपवाद का घडला? मूलबाळ नव्हते म्हणून? चुलतसासऱ्याच्या आणि धाकट्या दिराच्या ओढाताणीत आपले काय होईल या भयाने? की खरोखरीच त्या माणसावाचून जगणे नकोसे झाले म्हणून? देसाईंनी तिसरे उत्तर निवडले आणि त्यावर आपली सारी प्रतिभा उधळली. कादंबरीकार म्हणून तो त्यांचा हक्क आहे. ते सतीचा उपदेश करीत नाहीत. ते एका दुःखाचे वर्णन करतात, आणि ते इतके सुरेख करतात की चिता आपल्याला चिता वाटतच नाही, संसाराचा शेवटचा सोहळा वाटते. माझी तक्रार आहे ती इथेच, आणि ती लेखकापेक्षा आपल्यावर, वाचकांवर अधिक आहे. जी गेली तिच्यासाठी आपण तीन पिढ्या रडलो. ज्या राहिल्या त्यांची आठवण काय ठेवली? गोपिकाबाई म्हणजे कजाग सासू, आनंदीबाई म्हणजे 'ध'चा 'मा'! त्यांचे दोष असतील, आहेतच. पण त्या जगल्या, म्हणून त्यांना दोष करावयास वेळ मिळाला. रमाबाईंना तो मिळाला नाही. त्या पंचेचाळीस वर्षांच्या, साठ वर्षांच्या झाल्या असत्या, बारभाईच्या कारभारात कोणाच्या तरी बाजूने उभ्या राहिल्या असत्या, तर आपण त्यांच्यावरही नावे ठेवली असती, आणि ते चालले असते.

आत्याबाई जगल्या. आमच्या आईच्या चारही बाळंतपणांत उशापायथ्याशी त्याच होत्या. १९७२ च्या दुष्काळात घरातली माणसे आणि गुरे दोन्ही त्यांनीच सांभाळली, आणि गावातल्या कित्येक मुलींची शाळा त्यांच्या तोंडाळपणामुळे सुटता सुटता राहिली. गावात त्यांना सारे भीत. प्रेमळ म्हणून त्यांची ख्याती मुळीच नव्हती. चौऱ्याऐंशीव्या वर्षी त्या गेल्या तेव्हा त्यांच्यावर कोणी वृंदावन बांधले नाही, बांधावयाचे कारणही नव्हते.

गेल्या वर्षी मी राक्षसभुवनला गेलो होतो. शनिवार होता, शनीच्या दर्शनाला गर्दी होती, तेलाच्या बाटल्या आणि रुईच्या माळा विकणारी मुले अंगावर येत होती. पैठणला १९७६ साली जायकवाडीचे धरण झाले, तेव्हापासून गंगा पूर्वीची राहिली नाही. वरून पाणी सुटले तरच ती पूर्वीसारखी दिसते. त्या दिवशी ती पुलाखाली निवांत पडली होती. ज्या नदीने एके काळी निजामाला निजामाच्याच दिवाणापासून तोडले, तिच्यातून एक म्हातारा बकऱ्या घेऊन चालत येत होता. त्याला मी लढाईचे विचारले. "लढाई झाली म्हणतात खरं," तो म्हणाला, आणि माझ्यापाशी तंबाखू आहे का म्हणून विचारू लागला.

'स्वामी' जरूर वाचावी. ज्यांनी वाचली आहे त्यांनी या सुट्टीत पुन्हा वाचावी, आणि जमल्यास मोठ्याने, घरातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना बसवून वाचावी. ती पोथीसारखी वाचण्याजोगी थोडकी पुस्तके मराठीत आहेत, त्यांतली एक आहे. थेऊरचे प्रकरण गाळू नये. त्या वर्षी आमच्या घरी ते गाळले गेले आणि मी ते दुसऱ्या दिवशी माळवदावर जाऊन चोरून वाचले, पोटभर रडलो. मात्र ते वाचून झाल्यावर पुस्तक मिटताना, मागे राहिलेल्यांची नावे एकदा घ्यावीत : राधाबाई, काशीबाई, गोपिकाबाई, पार्वतीबाई, गंगाबाई, आनंदीबाई. आमच्या घरी या यादीत आणखी एक नाव घेतात.

त्या दिवाळीत अर्धी राहिलेली वात आत्याबाईंनी दुसऱ्या दिवशी पुरी केली आणि लक्ष्मीपूजनाला लावली. वडिलांनी पुस्तक मुदतीच्या आत तालुक्याला परत केले. आत्याबाईंनी त्यांना जाताना सांगितले, "दुसरं आण एखादं. पण त्यात बाई शेवटपर्यंत असली पाहिजे, हे आधी बघून आण."